लिफ्ट बसवल्यावर येणारी ठकठक : एका पिकअपचं प्रकरण

गाडी डबल कॅब, फोर-बाय-फोर डिझेल पिकअप. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वरचा आणि खालचा असे दोन आर्म) आणि कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला स्ट्रट), मागे सलग ॲक्सल आणि पाटे. इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्स यांची हीच मांडणी. ओडोमीटर 62,000. पुण्याहून मुळशीमार्गे ताम्हिणी घाटात नेहमीची ये-जा, हौद्यावर फायबरची कॅनॉपी आणि आत कायमचं सुमारे 150 किलो सामान.

लिफ्ट म्हणजे सस्पेन्शनमध्ये जादा भाग घालून गाडीची उंची वाढवणं. इथलं किट साधं होतं. पुढे प्रत्येक स्ट्रटच्या डोक्यावर 25 मिमी जाडीचा पोलादी स्पेसर आणि मागे प्रत्येक बाजूला 8 मिमी जाडीचा एक जादा पाटा. बाकी आर्म, बुश (सांध्यांतली रबरं), शॉकअप, प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा) सगळं मूळचंच. काम दोन खांबांच्या हॉइस्टवर, चाकं लोंबकळत ठेवून अर्ध्या दिवसात झालं आणि प्रत्येक नट तिथेच, त्याच स्थितीत, एअर गनने आवळला गेला. पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ बव्हंशी याच वाक्यात आहे.

सुमारे 600 किलोमीटरनंतर आवाज सुरू झाले. एका गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही लिंक रॉड (गाडीचं कलणं रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारला चाकांकडे जोडणारे छोटे दांडे) बदलले, नंतर मागचे दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तसाच राहिला. लिफ्टनंतर आवाज आला की पहिला संशय शॉकअपवर जातो, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि त्याचे चार बोल्ट सहज निघतात. पण लिफ्ट बसवताना शॉकअपच्या आत कोणीच हात घातलेला नसतो. हात लागलेला असतो तो सांध्यांना. म्हणून शोध सांध्यांपासून सुरू करायचा.

आवाजाला आधी नाव द्या

मराठीत आवाजांचे शब्द भरपूर आहेत आणि या कामात ते खरोखर उपयोगी पडतात. «ठक्» म्हणजे दोन कठीण वस्तूंमधली फट एकदम मिटली. «खडखड» म्हणजे हलकी वस्तू सैल आहे आणि वारंवार आपटते आहे. «कर्र» किंवा «चर्र» म्हणजे घर्षण: रबर पिळतंय किंवा पोलाद पोलादावर घासतंय. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारी «कटकट» पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटची (वळलेल्या चाकालाही फिरवणाऱ्या सांध्याची). आणि «थरथर» हा मुळात आवाज नाही, ते फिरणाऱ्या भागाचं कंपन आहे. मालकाने या पाच शब्दांपैकी एक नेमका उचलला तरी निम्मी यादी गळून पडते.

या गाडीबद्दल तक्रार एकाच वाक्यात होती: सस्पेन्शनमधून आवाज येतो. गाडी मोकळ्या आवारात चालवली तेव्हा आवाज एक नसून तीन निघाले, आणि तिन्हींची कारणं वेगळी. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलून नोंद केली: वेग, रस्ता, ब्रेक, स्टिअरिंग, वजन, आणि गाडी थंड की तापलेली.

पहिला, पुढच्या डाव्या बाजूचा एकच भरीव ठक्. उंच, तुटक कडेच्या स्पीडब्रेकरवरून चाक खाली सुटताना, किंवा एकच चाक खड्ड्यात पडताना. वेग 10 ते 15 किमी. चाक वर चढताना काहीच नाही.

दुसरा, पुढच्या दोन्ही बाजूंनी संथ कर्र. उताराच्या फाटकातून आत शिरताना, किंवा कोणी पायदानावर उभं राहिलं की. वेग वाढला की ऐकू येत नाही.

तिसरा मागून: गाडी जागेवरून उचलताना आणि पहिल्या गिअरमधून रिव्हर्स टाकताना ठक्. त्याच्या जोडीला हौदा हलवला की चर्र. हा चर्र पावसाच्या दिवशी बंद व्हायचा. मालकाने सहज जाता जाता सांगितलेली ही गोष्ट फार मोलाची ठरली.

एक आडाखा इथेच सांगून ठेवतो. लिफ्टच्या भूमितीमुळे येणारा आवाज बहुधा दोन्ही बाजूंनी येतो, कारण भूमिती दोन्हीकडे सारखीच बदललेली असते. आवाज एकाच बाजूला असेल तर तो फिटिंगचा दोष समजून चालावं. पुढचा डावा ठक् त्यामुळे पहिल्याच तासात संशयितांच्या छोट्या गटात आला.

काहीही उघडण्याआधी वीस मिनिटं सस्पेन्शनबाहेरच्या वस्तूंना द्यावी लागतात. हौद्याखालची स्टेपनी आणि तिची साखळी, सीटमागचा जॅक आणि टॉमी, कॅनॉपीचे क्लॅम्प, सायलेन्सरचे रबर हँगर, नंबर प्लेट. या गाडीत स्टेपनी 10 मिमी हलत होती. ती आवळल्यावर मागची थोडी खडखड गेली, मुख्य तीन आवाज राहिले.

25 मिमीचा स्पेसर नेमकं काय बदलतो

स्ट्रटचा खालचा बोल्ट लोअर आर्मच्या साधारण मध्यावर असतो. त्यामुळे वर 25 मिमी घातले की चाकापाशी जवळजवळ दुप्पट उंची मिळते. इथे हबच्या केंद्रापासून मडगार्डच्या ओठापर्यंतचं अंतर डावीकडे 490 वरून 540 मिमी, उजवीकडे 492 वरून 541 मिमी झालं होतं.

स्पेसर दोन प्रकारचे असतात आणि त्यांच्या आवाजांची कारणं एकमेकांच्या उलट असतात. स्प्रिंगवर, स्ट्रटच्या आत बसणारा स्पेसर स्प्रिंगला जास्त दाबून ठेवतो. गाडी उभी असतानाच स्ट्रट अधिक उघडलेला असतो, म्हणून खाली जायला जागा कमी उरते आणि चाक सुटलं की स्ट्रट आतूनच पूर्ण उघडून आपटतो. हा ठक् दोन्ही बाजूंनी येतो आणि नट आवळून जात नाही. स्ट्रटच्या डोक्यावर, बाहेर बसणारा स्पेसर स्ट्रटची उभी लांबी बदलत नाही. त्यात खाली जाण्याची जागा मूळइतकीच राहते, पण पूर्ण लोंबलेल्या स्थितीत आर्म मूळच्या मर्यादेपेक्षा 50 मिमी खाली जातात. तिथे अप्पर आर्म स्प्रिंगला टेकू शकतो आणि बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यामधला गोल सांधा) आपल्या कोनाच्या टोकाला पोहोचू शकतो. शिवाय चाक जोरात वर आलं तर चेसिसवरचा रबर स्टॉप आता 50 मिमी दूर असतो, म्हणून तो टेकण्याआधी स्ट्रट आतून तळाला लागू शकतो.

किट कोणत्या प्रकारचं आहे हे न पाहता «लिफ्टमुळे आपटतं» असं म्हणणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं. या गाडीत स्पेसर बाहेरचा होता, म्हणून पहिली तपासणी अप्पर आर्म आणि स्प्रिंग यांच्यातली. चेसिस घोडीवर, चाकं लोंबत: फट डावीकडे 6, उजवीकडे 7 मिमी. स्प्रिंगच्या रंगावर एकही चकाकणारी रेघ नाही. टेकत असते तर तिथे रंग उडालेला दिसलाच असता. हा संशय तिथेच संपला.

पुढचा डावा ठक्

दोन्ही लिंक रॉड खालून सोडले, स्टॅबिलायझर बार तारेने वर बांधला आणि आवारातच 10 किमी वेगाने तोच स्पीडब्रेकर ओलांडला. ठक् तसाच. म्हणजे लिंक रॉड निर्दोष, आणि आधी बदललेले जुनेही निर्दोषच असावेत. ही चाचणी फुकटात, पंधरा मिनिटांत होते. लिंक रॉड विकत घेण्याआधी ती केली असती तर तेवढे पैसे वाचले असते.

मग बॉल जॉइंट. जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावायचा, म्हणजे स्प्रिंगचा दाब जॉइंटवरून उतरतो. जॅक चेसिसखाली लावला तर झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो. चाक वर-खाली धरून हलवलं, डावी-उजवीकडे धरून हलवलं. अगदी किंचित खेळ जाणवला, पण दुसऱ्याने ब्रेक दाबताच तो गेला. ब्रेकने जाणारा खेळ व्हील बेअरिंगचा असतो, बॉल जॉइंटचा नाही. आणि हा तर मर्यादेत होता. टाय रॉड एंड ठीक.

उरला स्ट्रट. बॉनेट उघडून एकाने स्ट्रट टॉवरच्या (स्ट्रटचं डोकं जिथे बसतं त्या जागेच्या) नटांवर बोटं टेकवली, दुसऱ्याने लोअर आर्मखालचा जॅक हळूहळू उतरवला. चाक पूर्ण लोंबण्याच्या क्षणी बोटांना धक्का जाणवला, कानाला ठक् आला. वरचे तीन नट मात्र पक्के होते, टॉर्क पाना लावला तर हललेही नाहीत.

इथेच बहुतेकजण फसतात. बाहेरच्या स्पेसरमध्ये नटांचे दोन संच असतात. एक टॉवरच्या वर, दिसणारा. दुसरा स्पेसरच्या खाचेत दडलेला, जो स्ट्रटचे मूळ स्टड स्पेसरला धरून ठेवतो. स्ट्रट खाली उतरवल्याशिवाय या संचाला पाना लागतच नाही.

ठक् फक्त चाक सुटतानाच का, याचं उत्तरही तिथेच आहे. गाडीचं वजन चाकावर असताना स्प्रिंग स्ट्रटला वर, स्पेसरकडे दाबून धरते. सैल सांधाही तेव्हा गप्प बसतो. चाक खाली सुटलं की स्प्रिंगचा जोर उतरतो, शॉकअप उलट खाली ओढतो, आणि पूर्ण लोंबलं की चाकाचं सगळं वजन स्ट्रटवर लटकतं. जोराची दिशा फिरते तेवढ्यात ती मिलिमीटरभराची फट उघडते. गाडी परत बसली की मिटते.

स्ट्रट उतरवताना एक गोष्ट कधीही विसरू नये: वरचा मधला मोठा नट सोडायचा नाही. त्याच्याखाली स्प्रिंग दाबलेली असते, आणि ती सुटली तर हात किंवा चेहरा जातो. बाहेरचा स्पेसर काढायला त्या नटाला स्पर्श करण्याची गरजच नसते.

खाली उतरवल्यावर डावीकडच्या तीन दडलेल्या नटांपैकी दोन बोटांनी फिरले. नटाखालची पावडर कोटिंग चेपून कडेला सरकली होती आणि पोलादावर अर्धचंद्रासारखा चकाकता डाग पडला होता. उजवीकडचे नट अजून टिकले होते, पण पाना लावल्यावर तेही पाव फेरा गेले. उजवीकडचा ठक् काही आठवड्यांनी आलाच असता.

कारण गणितानेच दिसतं. दहा मिमीचा स्टड नीट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि हा ताणच सांधा धरून ठेवतो. इथे चेपली जाणारी जाडी जेमतेम 15 मिमी, म्हणून ताण येतो 0.03 ते 0.04 मिमी. पावडर कोटिंगचा एक थरच 0.06 ते 0.1 मिमी असतो, आणि सांध्यात असे दोन-तीन थर अडकलेले. रंग दाबाखाली हळूहळू बसतो. तो 0.04 मिमी बसला की सगळा ताण संपला. नट फिरलेला नसतो, तरी सांधा सैल झालेला असतो. स्पेसर विकणाऱ्यांनी ही तोंडं रंगाविना ठेवावीत असं मनापासून वाटतं. तोवर ते काम बसवणाऱ्याने करायचं.

दोन्ही स्पेसरच्या चेपल्या जाणाऱ्या सपाट जागा आणि नटांच्या बैठका खरवडून पोलाद उघडं केलं, त्यावर झिंक स्प्रेचा एकच पातळ थर दिला, नवे फ्लँज नट घेतले, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक लावलं आणि 48 न्यूटन-मीटरला आवळले. (8.8 प्रतीच्या, दहा मिमीच्या कोरड्या बोल्टला साधारण 45 ते 50 चालतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच घ्यायचा.) प्रत्येक नटावर रंगाची आडवी रेघ ओढली, पण दडलेल्या नटांवरची रेघ पुन्हा दिसणार नाही. त्यामुळे ते नट लावताना घाई परवडत नाही.

ठक् गेला.

कर्र : लोंबत्या चाकांवर आवळलेले बुश

आर्मचे बुश म्हणजे आत पोलादी नळी, बाहेर पोलादी नळी आणि मध्ये दोघींना चिकटवलेलं रबर. हे बुश फिरत नाहीत, पिळले जातात. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट चेपली जाते, आणि त्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल तो रबराचा विश्रांतीचा कोन ठरतो.

हॉइस्टवर चाकं लोंबत असताना आवळलं तर विश्रांतीचा कोन लोंबत्या स्थितीचा ठरतो. नंतर गाडी जमिनीवर आली की चाक 100 मिमी वर येतं. आर्मची लांबी सुमारे 400 मिमी धरली तर हा 14 अंशांचा पीळ झाला, आणि तो कायमचा, गाडी रात्री उभी असतानाही. त्यावर रस्त्याचे धक्के. रबर कुरकुरतं आणि काही महिन्यांत नळीपासून सुटायला लागतं.

ओळखायची युक्ती सोपी. प्रत्येक बुशवर एकेक करून पाण्याचा फवारा मारायचा आणि गाडी दाबायची. पाण्याने आवाज थांबला तर घर्षण वरवरचं, दोन पृष्ठभागांतलं. इथे पाण्याने काहीच फरक पडला नाही, म्हणजे कुरकुर रबराच्या आतली. डिझेल किंवा ऑइल मात्र मारू नये. आवाज दोन दिवस थांबतो आणि रबर फुगून जातं.

दुरुस्तीला सुटा भाग लागला नाही. गाडी चाकांवर उभी, तिचं नेहमीचं सामान हौद्यात. लोअर आर्मच्या कॅम बोल्टांच्या जागा आधी खुणा करून ठेवल्या, नाहीतर अलाइनमेंट हातची जाते. मग लोअर आणि अप्पर आर्मचे पिव्हट बोल्ट आणि स्ट्रटचा खालचा बोल्ट एकेक करून सैल केले. सैल होताना दोन बोल्टांनी स्पष्ट टक् केलं, अडकलेला पीळ सुटला. पुढचा भाग हाताने आठ-दहा वेळा दाबला, गाडी दोन मीटर पुढे-मागे ढकलली म्हणजे टायरचा आडवा ताणही सुटतो, आणि मग मॅन्युअलच्या टॉर्कला आवळलं.

आवळल्यानंतर उंची पुन्हा मोजली: डावी 534, उजवी 536. म्हणजे 5-6 मिमी उंची पिळलेल्या रबरानेच उचलून धरली होती. बुश चुकीच्या स्थितीत आवळल्याचा याहून सरळ पुरावा मिळणार नाही.

उजवी कर्र पूर्ण गेली. डावीकडे थोडी राहिली. लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये पहार घालून हलवलं तेव्हा रबर आतल्या नळीपासून एका बाजूने सुटलेलं दिसलं. आर्म काढून हायड्रॉलिक प्रेसवर नवा बुश बसवला. बाहेरच्या नळीला हातोडीने ठोकून बसवलेला बुश वाकतो आणि पुन्हा तीच गत होते.

पॉलियुरेथेनच्या बुशना हा नियम लागू नाही. त्यांच्यात आतली नळी मोकळी फिरते, म्हणून ते कोणत्याही स्थितीत आवळता येतात. पण ते कोरडे बसवले तर चिरचिरतात. त्यांना किटबरोबर येणारं चिकट सिलिकॉन ग्रीसच लागतं.

मागची बाजू

जागेवरून उचलताना ठक् येतो तेव्हा चार ठिकाणं पाहायची: प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (कोनात फिरू देणारे सांधे), स्लिप जॉइंटचे (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सांध्याचे) कोरडे दाते, डिफरन्शिअलमधला खेळ, आणि ॲक्सल पाट्यांवर सरकणं. स्लिप जॉइंटच्या निपलमधून ग्रीस भरलं, फरक नाही. क्रॉस हाताने पिळून पाहिले, खेळ नाही. डिफरन्शिअलचा खेळ लिफ्टने वाढत नाही, म्हणून तो शेवटी ठेवला.

ॲक्सल सरकतो का ते पाहायला गाडीखाली आडवं होऊन कोणाला क्लच सोडायला सांगू नये. दोन्ही बाजूंना यू-बोल्टच्या (पाटे ॲक्सलला बांधणाऱ्या बोल्टच्या) प्लेटवरून पाट्यांच्या कडेवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली, गाडी आवारात पुढे-मागे दहा वेळा झटक्याने हलवली, बंद केली आणि मग पाहिलं. डावी रेघ तुटून सुमारे 2 मिमी सरकली होती.

यू-बोल्ट जुनेच परत वापरले होते. यू-बोल्ट एकदा नीट आवळला की ताणला जातो, पुन्हा आवळल्यावर तोच जोर धरेल याची खात्री नसते. पाट्यांचं काम करणारे अनुभवी लोक म्हणूनच ते कधी परत लावत नाहीत. इथे आणखी एक अडचण होती. पाट्यांची थप्पी 8 मिमीने जाड झाली, त्यामुळे नट टोकाच्या गंजलेल्या आट्यांवर गेले. नटाबाहेर जेमतेम एक आटा दिसत होता, निदान दोन-तीन तरी दिसायला हवेत. गंजलेल्या आट्यांवर टॉर्क पाना «टक्» करतो, पण तो जोर घर्षणात गेलेला असतो, पाट्यांपर्यंत पोहोचलेला नसतो.

थप्पी सोडल्यावर दुसरं कारण दिसलं. किटच्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकापेक्षा व्यासाने 4 मिमी लहान होतं. ॲक्सलची जागा हे डोकं ठरवतं, ती धरून ठेवतात यू-बोल्ट. डोकं सैल, यू-बोल्टही सैल, म्हणून क्लच सुटला की ॲक्सल भोकाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाऊन आदळत होता. बैठकीवर 4 मिमी लांबीचा घासल्याचा पट्टा त्याची साक्ष देत होता. असंच चालू राहिलं असतं तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल तिरका झाला असता, आणि तो प्रसंग ताम्हिणीच्या वळणावर आला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको.

नवे चार यू-बोल्ट थप्पीची जाडी मोजून मागवले, सेंटर बोल्ट भोकाला नेमका बसणाऱ्या डोक्याचा घेतला. आवळताना चारही नट कोपऱ्याकोपऱ्याने, तीन टप्प्यांत: आधी पूर्ण टॉर्कच्या निम्मा, मग तीन चतुर्थांश, मग पूर्ण. शेवटचा टप्पा गाडीचं वजन पाट्यांवर असताना. मेन पाट्याच्या डोळ्याचा बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या हलत्या कडीचे) बोल्टही चाकांवर उभं असतानाच. त्यांचंही रबर पुढच्या आर्मसारखंच पिळलं जातं.

आता पावसात थांबणारा चर्र. पाट्यांच्या टोकांवर एकेक करून पाणी मारलं तेव्हा जादा पाट्याच्या टोकाशी आवाज थांबला. मूळ पाट्यांच्या टोकांखाली नायलॉनचे तुकडे असतात. जाद्या पाट्याला ते नव्हते, आणि त्याची टोकं कापून तशीच धारदार सोडली होती. वरच्या पाट्यावर त्यांनी खोबण खोदायला सुरुवात केली होती. अशा खोबणीतूनच पाटा पुढे तुटतो. टोकांच्या कडा ग्राइंडरने गोल केल्या (घासताना पोलाद निळं पडू द्यायचं नाही, पाट्याची ताकद जाते), 3 मिमीचे नायलॉन पॅड बसवले, थप्पीच्या कड्यांत रबराचे अस्तर घातले. पाट्यांवर जळकं ऑइल ओतायची आपल्याकडे जुनी सवय आहे. आवाज थांबतो खरा, पण धूळ चिकटून तिची कानस तयार होते आणि ऑइल शॅकलच्या रबरात उतरतं.

ठक् गेला, चर्र गेला, आणि त्यामागे दडलेली थरथर उघडी पडली: सामान भरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये 15 ते 25 किमी वेगाला. प्रॉपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये चेसिसला टांगलेलं सेंटर बेअरिंग. मागचा तुकडा साधारण एक मीटर लांब आणि मागची उंची 45 मिमी वाढलेली, म्हणजे त्याचा कोन सुमारे अडीच अंशांनी वाढला. बेअरिंगचं ब्रॅकेट आणि चेसिस यांच्यामध्ये 10 मिमीचे पॅकिंग आणि तेवढेच लांब बोल्ट घालून कोन दोन तुकड्यांत वाटून दिला. डिजिटल कोनमापक प्रत्येक योकवर (क्रॉस धरणाऱ्या फाट्यावर) ठेवून आधीचे आणि नंतरचे कोन लिहून ठेवले. पॅकिंग जास्त घातलं तर पुढचा क्रॉस वाकडा चालायला लागतो, म्हणून आधी 6, मग 10, असं वाढवत नेलं. 10 ला थरथर थांबली, पुढे गेलो नाही.

शोधताना सापडलेलं, आवाज न करणारं

या गाडीत मागच्या ब्रेकला वजन ओळखणारा व्हॉल्व्ह आहे. त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो: हौदा भरला, ॲक्सल वर आला, की मागचा ब्रेक वाढतो. लिफ्टनंतर ॲक्सल कायमच खाली, म्हणून व्हॉल्व्हला हौदा सतत रिकामाच वाटतो आणि भरलेल्या गाडीलाही मागचा ब्रेक कमी मिळतो. व्हॉल्व्हचं चेसिसवरचं ब्रॅकेट लिफ्टइतकं खाली आणून मॅन्युअलप्रमाणे दाब तपासला. घाटात सामान घेऊन उतरणाऱ्या गाडीसाठी वरच्या तिन्ही आवाजांपेक्षा ही बाब मोठी होती, आणि तिने एकदाही आवाज केला नव्हता.

चाकं पूर्ण लोंबत ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवलं आणि ब्रेक होज, एबीएसची वायर कुठे ताणली जाते का ते पाहिलं. मागचा शॉकअप खालून सोडल्यावर ॲक्सल आणखी 18 मिमी खाली गेला. म्हणजे मूळ लांबीचा शॉकअपच ॲक्सलला लटकवून धरत होता. तो आज आवाज करत नाही, पण त्याचं सील आणि डोळा लवकर जाणार. 25 ते 30 मिमी जास्त लांबीचे शॉकअप लावायला सांगितलं आहे. बदललेले नवे शॉकअप मूळ मापाचेच आणलेले, ही त्यातली खंत.

लिफ्टने कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो आणि टो (चाकांचं किंचित आत किंवा बाहेर वळलेलं असणं) बदलतो, म्हणून सगळं आवळून झाल्यावर, त्याआधी नाही, अलाइनमेंट. हेडलाइट 25 मीटरवरच्या भिंतीवर मोजून खाली घेतले. आणि कागदांची बाजू: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. अपघातानंतर विमा कंपनी हा मुद्दा काढू शकते. मालकाला हे कामाच्या पावतीबरोबर लेखी दिलं.

पुन्हा आवळणी 100, 500 आणि 1,000 किलोमीटरला ठरवली. पहिल्या वेळी यू-बोल्टच्या आठ नटांपैकी पाच साधारण अष्टमांश फेरा गेले, 500 ला दोन, 1,000 ला एकही नाही. टॉवरवरच्या सहा नटांच्या रेघा जागच्या जागी होत्या. बॉनेट उघडून, लोअर आर्मखालचा जॅक उतरवत, बोटं पुन्हा त्याच नटांवर टेकवून पाहिलं: चाक लोंबेपर्यंत काहीही जाणवलं नाही.